नवं पिस्तूल आणि पाचशे गोळ्या

ब्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये आमच्याकडे नवी पिस्तुलं आली. शेरीफ ग्रोव्हर लुंडीननी अकरा खोकी तुरुंगाच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि म्हणाले, "ज्याने त्याने आपापलं उचलायचं. रिव्हॉल्व्हर उद्यापासून कपाटात."

मी तेव्हा काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, तुरुंगाचा रखवालदार होतो, आणि कैदी पोचवायच्या गाडीचा ड्रायव्हरही. आमच्या वाळूच्या टेकड्यांत माणसांपेक्षा गुरं जास्त, त्यामुळे एका माणसाला दोन-तीन कामं असायचीच. व्हेल्डा हॉरकी ही आमच्यातली एकुलती एक बाई. वय चौपन्न, नोकरी एकोणीस वर्षांची. कोर्टात न्यायाधीशांच्या दाराशी उभी राहायची, आणि बाई कैदी असली की तिला यॉर्कच्या बायकांच्या तुरुंगात पोचवायला माझ्याबरोबर यायची. जायला साडेचार तास, यायला साडेचार तास.

व्हेल्डाने खोकं उघडलं, पिस्तूल हातात घेऊन तोललं आणि माझ्याकडे बघितलं. "ऑरिन, यात गोळ्या घालायच्या की पाणी?"

सगळे हसले. पिस्तुलाचा दस्ता आणि खालचा सांगाडा काळ्या प्लास्टिकचा होता. फक्त वरची सरकती स्लाइड आणि नळी पोलादाची.

"प्लास्टिक नाही, पॉलिमर म्हणतात त्याला," ट्रेंट बॅशम म्हणाला. ट्रेंट आमचा नेमबाजीचा शिक्षक. वय एकोणतीस, लष्करात चार वर्षं काढून आलेला, पँटला कायम इस्त्री.

"मग माझा जेवणाचा डबाही पॉलिमरचाच म्हणायचा," व्हेल्डा म्हणाली. "आणि त्याचं झाकण तरी लागतं नीट."

मग तिने स्लाइड मागे ओढायला घेतली. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ओढली. ती जेमतेम अर्धा इंच सरकली आणि सुटून परत पुढे गेली. तिने पुन्हा ओढली. या खेपेला तिच्या ओठांचा रंग बदललेला मला दिसला. तिने पिस्तूल खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

जानेवारीत कोर्टाच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. सात आठवडे प्लास्टर. हाड जुळलं, पण प्लास्टर काढलं तेव्हा हात शेंगेसारखा वाळलेला. जुन्या रिव्हॉल्व्हरला ते चालून गेलं असतं. रिव्हॉल्व्हरला कसलं ओढणं नसतं, चाप दाबला की चक्र फिरतं. पिस्तुलाचं तसं नाही. गोळी सुटली की त्याच धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, आणि पुढे येताना मॅगझिनमधली, म्हणजे दस्त्यात सरकवायच्या गोळ्यांच्या डबीतली, पुढची गोळी उचलते. हे सगळं व्हायला धरणारा हात घट्ट लागतो. हात ढिला पडला, तर तो धक्का मनगटातच मुरतो आणि स्लाइडच्या वाट्याला काही उरत नाही.

नियम सगळ्यांना सारखा होता. पन्नास गोळ्या, वेगवेगळ्या अंतरावरून, घड्याळ लावून. त्यातल्या चाळीस पुठ्ठ्याच्या माणसावरच्या रेषेच्या आत लागल्या पाहिजेत. संधी दोन. दोन्ही हुकल्या तर पिस्तूल आणि बिल्ला जमा, आणि टेबलावरचं काम.

पहिली परीक्षा आठवड्याने झाली. मी बेचाळीस मारून कसाबसा निघालो. व्हेल्डा माझ्यानंतर उभी राहिली. तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं. रिकामं काडतूस बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या खिडकीत धुराड्यासारखं उभं राहिलं. तिने ते बोटाने काढलं, पुन्हा नेम धरला. चार गोळ्यांनी पुन्हा अडकलं. एकूण नऊ वेळा. प्रत्येक वेळी ती चिमटीने स्लाइड ओढत बसली आणि ट्रेंटच्या हातातलं घड्याळ पळत राहिलं. शेवटी शिट्टी वाजली तेव्हा अकरा गोळ्या उडायच्याच राहिल्या होत्या.

ट्रेंटने पुठ्ठ्यावरची भोकं मोजली. उडालेल्या एकोणचाळीसपैकी चौतीस आत.

"नेम चांगलाय तुमचा, मॅडम," तो म्हणाला. "मनगट साथ देत नाहीये. पिस्तुलात काही दोष नाही."

"कशावरून?"

"दहा जणांची नीट चालली."

"म्हणजे अकरावं नीट असलंच पाहिजे?"

ट्रेंटने खांदे उडवले. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

दुपारी शेरीफनी तिला खोलीत बोलावलं. तुरुंगाच्या किल्ल्या द्यायला मी तिथे गेलो होतो, त्यांनी मलाही बसायला सांगितलं. ग्रोव्हर लुंडीन मनाने वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी कॉफी ओतली.

"व्हेल्डा, वायरलेसच्या टेबलावर जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "ऊबदार खोली, दिवसपाळी. एकोणीस वर्षं उन्हातान्हात काढलीस. कुणी तुला नावं ठेवणार नाही."

"आणि बायका कैदी कोण नेणार?"

"पोरं नेतील. दोघं जातील बरोबर, नियमाप्रमाणे. तू यायच्या आधी तसंच चालायचं ना?"

व्हेल्डाने कप खाली ठेवला. "ऑरिनला विचारा कसं चालायचं ते."

शेरीफ माझ्याकडे बघायला लागले. मी हातातल्या किल्ल्यांकडे बघत होतो. ती गोष्ट मी आयुष्यात फक्त व्हेल्डाला सांगितली होती, तीही खूप उशिरा, एकदा यॉर्कहून परतताना. पण आता गप्प बसलो असतो तर मला तिच्याबरोबर त्या गाडीत पुन्हा बसता आलं नसतं.

"बहात्तर साल," मी म्हणालो. "मी चोवीस वर्षांचा होतो. मी आणि म्हातारा हँक, एका पोरीला यॉर्कला घेऊन निघालो. खोट्या सह्यांचा गुन्हा होता तिचा. एकवीस-बावीसची असेल. सगळी वाट ती मागच्या सीटवर मान खाली घालून बसली होती. आम्ही दोनदा थांबलो, कॉफी प्यायलो, तिला विचारलं काही हवंय का. ती नाही म्हणाली. आम्हाला वाटलं घुमी आहे."

"मग?"

"तिची पाळी आली होती. निघाल्यावर अर्ध्या तासातच. दोन अनोळखी पुरुषांना कसं सांगणार? चार तास ती तशीच बसून राहिली. तिथल्या मेट्रनने, बायकांवर देखरेख ठेवणाऱ्या बाईने, तिला आत नेलं, आणि परत बाहेर येऊन मला बोलली. जे बोलली ते मी इथे सांगत नाही. परत आल्यावर सीट मीच धुतली."

शेरीफनी चष्मा काढून पुसला.

"नियम मला बदलता येणार नाही," शेवटी ते म्हणाले. "राज्याचा आहे तो."

"नियम बदला असं मी कुठे म्हणतेय?" व्हेल्डा म्हणाली. "दुसरी संधी कधी आहे तेवढं सांगा."

"बारा दिवसांनी. मंगळवारी."

"बरं," ती म्हणाली आणि कॉफी संपवून उठली.

बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, "नवा बूट चावतो तेव्हा आपण पाय कापतो का? आधी बूट वापरून बघतो. या पिस्तुलाच्या पोटात पाचशे गोळ्या गेल्याशिवाय मी कुणाचं काही ऐकणार नाही. तू येशील लिहायला?"

"काय लिहायला?"

"कधी अडकलं, कसं अडकलं. मला एकाच वेळी मारायला आणि लिहायला दोन उजवे हात लागतील. इथे एकाचेच वांधे आहेत."

काउंटीने माणशी शंभर गोळ्या दिल्या होत्या, बाकीच्या तिने स्वतः आणल्या. जागा म्हणजे माझ्या कुरणामागची जुनी खडीची खाण. तिन्ही बाजूंनी मातीचे उंच कडे, गोळी कुठे जायची भीती नाही. कामावरून सुटल्यावर अंधार पडेपर्यंत दोन तास मिळायचे.

पहिल्या दिवशी तिने एकही गोळी मारली नाही. माझ्या गाडीच्या बॉनेटवर जुना टॉवेल अंथरला आणि पिस्तूल उघडून तुकडे तुकडे मांडले. स्लाइड, नळी, स्प्रिंग, सांगाडा. चारच भाग, एवढं सोपं काम. स्लाइडच्या आतल्या खाचांत कारखान्याचं घट्ट ग्रीस तसंच होतं, त्यावर पहिल्या परीक्षेची काजळी बसून त्याचा चिखल झाला होता.

"ट्रेंटने हे साफ करायला सांगितलं होतं का कुणाला?" तिने विचारलं.

"मला तरी नाही."

"इस्त्री करायला सांगितली असती त्याने." तिने दात घासायच्या ब्रशने सगळं खरवडून काढलं आणि जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथेच तेलाचा एकेक थेंब सोडला. मग पिस्तुलाबरोबर आलेल्या तिन्ही मॅगझिनांवर खुणा केल्या. एकाच्या तळाला लाल नखपॉलिश, ते काउंटीच्या कारकूनबाईकडून मागून आणलेलं. दुसऱ्याला टायपिंगची चूक खोडायचा पांढरा रंग. तिसरं तसंच काळं.

"आयुष्यात एकदाचं नखपॉलिश लावलंस तर," मी म्हणालो.

"लिहून ठेव तेही."

दुसऱ्या दिवशी ऐंशी गोळ्या मारल्या. तेरा वेळा अडकलं. वारा इतका होता की पुठ्ठ्याला दगड टेकवावे लागले. प्रत्येक वेळी अडकलं की ती थांबायची, पिस्तूल तसंच धरून मला दाखवायची, आणि मी लिहायचो. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की अडकण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कधी रिकामं काडतूस खिडकीत उभं राहायचं. कधी रिकामं काडतूस व्यवस्थित बाहेर पडायचं, पण नवी गोळी नळीत जाताना नाक खाली करून तिरकी फसायची. मी वहीत दोन रकाने पाडले, उभं आणि तिरकं, आणि पुढे मॅगझिनचा रंग.

स्लाइड ओढायचं तंत्रही तिने बदललं. चिमटी सोडून दिली. डाव्या हाताचा अख्खा पंजा वरून स्लाइडवर ठेवायची, मुठीत पकडायची, आणि स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायची. "दार उघडत नसेल तर चौकट ढकलायची," ती म्हणाली. पहिल्या संध्याकाळी दहादा जमलं, अकराव्यांदा स्लाइड अर्ध्यावरूनच सुटली. मी म्हटलं बस कर आता. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि आणखी दहादा ओढली.

चौथ्या दिवशी सकाळी साडेपाचला माझ्या गोठ्याबाहेर तिची गाडी उभी.

"तुझ्या गाईचं दूध कोण काढतं?" तिने विचारलं.

"मीच काढतो."

"आजपासून मी. डॉक्टरने रबराचा चेंडू दाबायला सांगितलाय. चेंडू दाबून मला कंटाळा येतो, आणि चेंडू दूधही देत नाही."

गाय तिला ओळखत नव्हती, पहिल्या दिवशी बादली लाथाडली. व्हेल्डाने गाईला चार शब्द सुनावले आणि बादली परत लावली. उजव्या हाताने पिळताना तिच्या कपाळावर घाम यायचा, तरी डावा हात ती मदतीला घ्यायची नाही. माझ्या बायकोने तिला प्लमचे कोलाचे, म्हणजे प्लमचा मुरंबा भरलेले गोड पाव, आणि कॉफी दिली, ते तिने डाव्या हाताने घेतलं. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही गाडीत बसून वही वाचली. तोवर अडीचशे गोळ्या झाल्या होत्या, सव्वीस वेळा अडकलं होतं. उभी चौदा, तिरकी बारा. उभी सगळ्या रंगांत विखुरलेली होती, आणि दिवसागणिक कमी होत होती. तिरक्यांचा रकाना मी बोट फिरवत वाचायला लागलो. "लाल. लाल. लाल. लाल..."

"थांब," ती म्हणाली. "पुढे वाच."

"बारापैकी बारा लाल."

तिने लाल मॅगझिन हातात घेतलं आणि काळ्याच्या शेजारी धरलं. वरचे दोन ओठ, गोळीला धरून ठेवणारे, मला तर सारखेच दिसत होते. तिने दोन्हीत एकेक गोळी घातली आणि उजेडासमोर धरली. लालमधली गोळी केसभर खाली नाक करून बसली होती.

"पिस्तुलात दोष नाही म्हणे," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. तिने वही मिटली. मग म्हणाली, "बारा याची. चौदा माझी."

दुसऱ्या दिवशी ती ट्रेंटकडे गेली. तो गोळ्यांच्या खोलीत पेट्या लावत होता.

"हे मॅगझिन खराब आहे," ती म्हणाली.

"नवीन आहे ते, मॅडम."

"नवीन आहे आणि खराब आहे. दोन्ही असू शकतं. माझ्या भावाची नवी कोरी मोटार पहिल्या दिवशी घाटात बंद पडली होती."

"तुमचं मनगट..."

"माझं मनगट बाजूला ठेव. तुझं दणकट आहे ना? तू मार."

ट्रेंटला नाही म्हणता आलं नाही, कारण तोवर आम्ही तिघे-चौघे तिथे जमलो होतो. नेमबाजीच्या मैदानावर जाऊन त्याने तिच्या पिस्तुलात लाल मॅगझिन घातलं. चौथी गोळी तिरकी फसली. त्याने काढली, मारायला लागला, नववीला पुन्हा. मग त्याने स्वतःच्या कमरेचं पिस्तूल काढून त्यात लाल मॅगझिन घातलं. सहाव्या गोळीला त्याचंही अडकलं.

तो पिस्तुलाकडे बघत उभा राहिला. त्याच्या मानेवर लाली चढली होती. मला वाटलं आता काहीतरी सबब सांगेल. पण तसं झालं नाही.

"मी हे तपासायला हवं होतं," तो म्हणाला. "माझं चुकलं."

"वहीत सगळं आहे," व्हेल्डाने वही पुढे केली. ट्रेंटने उभ्या उभ्याच सगळी पानं वाचली.

"पहिल्या परीक्षेतही हे लागलं असणार," तो म्हणाला. "मी शेरीफशी बोलतो. ती परीक्षा रद्द धरता येईल."

"नको."

"का? तुमचा हक्क आहे. तुमच्या हातात दोन संधी राहतील."

"त्या दिवशी मला दिसलं ते खिडकीत उभं काडतूस होतं. वहीतसुद्धा उभी चौदा आहेत, ती या मॅगझिनची नाहीत, माझ्या हाताची आहेत. मंगळवारी मी एकदाच मारणार. जमलं तर जमलं." ती थांबली. "पण मला त्या चौदांचं काय करायचं ते सांग. ते तुला येतं, मला येत नाही."

ट्रेंटने टोपी मागे सरकवली. मग त्याने तिला तिथेच उभं केलं. उजवा हात दस्त्यावर आणखी वर, अगदी स्लाइडच्या खाली. डाव्या हाताचं मनगट पुढे वाकवून चारही बोटं उजव्या बोटांवर आवळलेली. "उजव्या हाताने फक्त धरायचं," तो म्हणाला. "आवळायचं डाव्याने. जोर दहातला सहा डाव्याचा, चार उजव्याचा. आणि अडकलंच तर बघत बसायचं नाही. तळाला थाप, स्लाइड मागे, परत नेम. का अडकलं याचा विचार नंतर."

"तळाला थाप, स्लाइड मागे, परत नेम," तिने म्हणून बघितलं.

"पुन्हा."

"अरे, मी तुझ्या आईच्या वयाची आहे."

"आईला पण मी तेच सांगितलं असतं, मॅडम. पुन्हा."

उरलेल्या दिवसांत ट्रेंटही खाणीत यायला लागला. तो मॅगझिनमध्ये मुद्दाम अधेमधे रिकामी काडतुसं भरून द्यायचा, म्हणजे तिला कळू नये कधी अडकणार. ती शिव्या द्यायची आणि थाप मारून, स्लाइड ओढून पुढे मारायची. आठव्या दिवशी साठ गोळ्यांत दोनदा उभं राहिलं, नवव्या दिवशी साठांत एकदाही नाही. दहाव्या दिवशी मनगट सुजलं. ट्रेंट म्हणाला आज विश्रांती. ती म्हणाली, "उजव्याला विश्रांती," आणि ती सगळी संध्याकाळ तिने एकट्या डाव्या हाताने मारलं. अकराव्या दिवशी माझ्या वहीत पाचशेचा आकडा लागला. स्लाइड आता तिच्या मुठीत सरसर मागे यायची. स्प्रिंग थोडी नरमली होती, खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि तिचा हातही पूर्वीचा राहिला नव्हता. कशाचा वाटा किती ते सांगता येणार नाही.

मंगळवारी सकाळी ढग होते आणि उत्तरेचा वारा. शेरीफ स्वतः मैदानावर आले, कॉलर वर करून तारेच्या कुंपणाशी उभे राहिले. सुट्टी असलेले आमच्यातले दोघंही आले होते. व्हेल्डाने मनगटाला चिकटपट्टी गुंडाळली होती. पांढरं आणि काळं अशी तिची दोन मॅगझिनं होती, तिसरं ट्रेंटने नवं दिलं होतं. त्यातून तिने आदल्या दिवशी तीस गोळ्या मारून बघितल्या होत्या.

पहिले तीन टप्पे सुरळीत गेले. तिच्या खांद्यांवरून दिसत होतं की ती मोजते आहे, श्वास सोडते आहे, घाई करत नाही आहे. चौथा टप्पा पंधरा यार्डांवरून, आठ सेकंदांत सहा गोळ्या. तिसऱ्या गोळीला अडकलं.

मी जिथे उभा होतो तिथून मला ते पितळी काडतूस खिडकीत चमकताना दिसलं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तळाला थाप, पंजा स्लाइडवर, पिस्तूल पुढे ढकललं, काडतूस उडून गवतात पडलं, आणि उरलेल्या तीन गोळ्या गेल्या. शिट्टी वाजली तेव्हा पिस्तूल रिकामं होतं.

शेवटचा टप्पा एका हाताचा होता, आधी उजवा, मग डावा. उजव्याने पाच मारताना पिस्तुलाचं तोंड थोडं हललं. डाव्याने पाचही शांतपणे गेल्या.

ट्रेंट पुठ्ठ्याकडे गेला आणि खडूने एकेक भोक खुणावत मोजायला लागला. शेरीफ त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. त्यांनीही मोजली. मग ट्रेंट वळला.

"त्रेचाळीस," तो म्हणाला.

व्हेल्डाने मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे ते बघितलं, पिस्तूल म्यानात घातलं. तेवढं झाल्यावर तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि थोडा वेळ वाकून उभी राहिली. मला वाटलं रडते आहे. जवळ गेलो तर ती उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती.

"दुखतंय?"

"माझ्यापेक्षा एक कमी तुझी. बेचाळीस ना तुझ्या?" ती म्हणाली. "आता गाडीत गप्प बसायचं. रेडिओ मी लावणार."

शेरीफ आले. "गुरुवारी यॉर्कची फेरी आहे," ते म्हणाले. "तुम्ही दोघं जाल." मान हलवून ते गाडीकडे निघाले. अर्ध्या वाटेत थांबून ट्रेंटला म्हणाले, "ती वही मला हवी आहे."

त्या आठवड्यात ट्रेंटने बाकीची बत्तीसच्या बत्तीस मॅगझिनं एकेक करून तपासली. आणखी दोन खराब निघाली. त्यातलं एक माझ्या कमरेला होतं, आणि मी ते घेऊन महिनाभर हिंडत होतो. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला की नवं पिस्तूल हाती आलं की आधी साफ करायचं, मॅगझिनांवर खुणा करायच्या, आणि दोनशे गोळ्या लिहून मारल्याशिवाय कमरेला लावायचं नाही. पहिली काही वर्षं नव्या पोरांना हे व्हेल्डाच शिकवायची. कुणी कुरकुर केली की ती म्हणायची, "बंदूक नवी असते तेव्हा ती अजून कुणाची नसते."

तिने पुढे सहा वर्षं नोकरी केली. ते पिस्तूल तिला कधी कुणावर रोखावं लागलं नाही. मनगट पावसाळी हवेत दुखायचं ते कायमचंच. माझ्या गाईचं दूध मात्र ती त्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत काढत राहिली. गाय तिला इतकी सरावली की मी बादली घेऊन गेलो की शेपटीचा फटका मारायची.